एक दुकान, दोन गल्ले

जुलै २०२५ मध्ये शेजारच्या कर्नाटकातील वाणिज्य कर विभागाने हजारो लहान दुकानदारांना नोटिसा धाडल्या. आधार होता यूपीआयच्या नोंदींचा. बेकरीवाले, चहावाले, दूध-भाजी विकणारे अशांच्या खात्यांत वर्षाकाठी ४० लाखांहून अधिक रक्कम जमा झालेली दिसत होती आणि वस्तू व सेवा कराची (जीएसटी) नोंदणी मात्र नव्हती. बेंगळुरूत दुकानांवर 'यूपीआय नाही, फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. अखेर मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांना व्यापाऱ्यांशी चर्चा करून जुन्या वसुलीबाबत दिलासा द्यावा लागला; नोंदणीची अट मात्र कायम राहिली.

कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यातील दुकानदारांनी ही घटना परराज्यातली म्हणून सोडून देऊ नये. जीएसटी कायदा देशभर एकच आहे आणि यूपीआयच्या नोंदी उमरग्यातही तशाच उमटतात. दुकानात माल विकायचा आणि शिवाय ऑनलाइनही विकायचा, असा सल्ला हल्ली लहान व्यापाऱ्यांना सर्रास दिला जातो. सल्ला वाईट नाही. परंतु ऑनलाइन विक्री म्हणजे जुन्याच दुकानाला फुकटात मिळालेली आणखी एक खिडकी, हा जो समज त्यामागे असतो, तो तपासून पाहिला पाहिजे. ते दुसरे दुकान आहे. त्याला वेगळे भाडे आहे, वेगळा हिशेब आहे आणि वेगळा कायदा आहे.

भाड्यापासून सुरुवात करू. समजा, कळंबच्या बाजारपेठेतील एका कापड दुकानदाराने ३५० रुपयांना आणलेला मुलांचा ड्रेस दुकानात ५०० रुपयांना विकला, तर त्याच्या हाती १५० रुपये उरतात. तोच ड्रेस एखाद्या मोठ्या ऑनलाइन बाजारावर त्याच किमतीला विकला आणि कमिशन, पाठवणी व इतर आकार मिळून ११० रुपये गेले, वर पिशवी-खोक्याचे १० रुपये गेले, तर उरले ३० रुपये. आता दहा पार्सलांपैकी दोन परत आली असे धरू. कपड्यांच्या बाबतीत हे मुळीच अशक्य नाही. त्यातून 'माल पोचल्यावर पैसे' या पद्धतीत तर गिऱ्हाईक दारातूनच पार्सल परत करते. परतीच्या प्रत्येक पार्सलामागे ८० रुपये वाहतूक आणि १० रुपये खोक्याचे बुडाले, म्हणजे दोहोंचे १८०. आठ ड्रेसवर मिळालेल्या २४० रुपयांतून ते वजा केले की उरले ६०. एका ड्रेसवर दुकानात जेवढे सुटतात, त्याच्या निम्मेही दहा ड्रेस विकून सुटले नाहीत. परत आलेला एखादा ड्रेस मळलेला निघाला, तर हे साठही गेले. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या मालाचे घालून पाहावेत. परंतु जो माल सुरतेच्या किंवा मुंबईच्या घाऊक बाजारातून देशभरातले हजारो विक्रेते उचलतात, तोच माल कळंबहून ऑनलाइन विकण्यात हशील नाही, हे बहुतेक हिशेबांत दिसून येईल.

मग ऑनलाइन विकावे काय? या जिल्ह्यापुरते उत्तर भूम तालुक्यातील खव्याच्या भट्ट्यांकडे आणि तुळजापूरच्या महाद्वाराकडे पाहिले की मिळते. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तुळजाभवानीच्या दर्शनाला येणारा भाविक कवड्यांची माळ, परडी, हळद-कुंकू आणि बांगड्या घेतल्याशिवाय सहसा परतत नाही. या वस्तूंना गावाचे नाव आहे. ते नाव हाच त्यांचा भाव असून, तो दुसऱ्या कोणा विक्रेत्याला सहजासहजी पाडता येत नाही.

आणि गिऱ्हाईक कोठे आहे? ते पुण्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये, मुंबईत आहे. पावसाने वारंवार दगा दिलेल्या या जिल्ह्यातून शिक्षणासाठी व पोटासाठी बाहेर पडलेली कुटुंबे तेथे वसली आहेत. त्यांना भूमचा खवा आणि गावाकडची शाळू ज्वारी काय असते हे समजावून सांगावे लागत नाही. दुकानदाराला ती ओळखतात, निदान त्याचे गाव तरी ओळखतात. म्हणून आगाऊ पैसे देतात आणि माल विनाकारण परत करीत नाहीत. वरच्या हिशेबात ज्या दोन गोष्टींनी नफा खाल्ला, ते कमिशन आणि ती परती, दोन्ही येथे टळतात. एसटीने वा रात्रीच्या खासगी बसने पुण्याला पार्सल धाडण्याची रीत तर ऑनलाइन हा शब्द जिल्ह्यात येण्याच्या कितीतरी आधीची आहे. व्हॉट्सअॅपवर मालाचे छायाचित्र, दर आणि पाठवणीचा वार कळवणे, पैसे यूपीआयने घेणे आणि पार्सल बसने किंवा स्पीड पोस्टाने पाठवणे, एवढ्यानेही ऑनलाइन दुकान सुरू होते.

कायद्याच्या दृष्टीनेही हे गिऱ्हाईक सोयीचे आहे, कारण ते महाराष्ट्रातच आहे. येथे जरा थांबून नियम नीट पाहणे आवश्यक आहे. याबाबत व्यापाऱ्यांत आणि सल्लागारांतही बराच गोंधळ आढळतो. केवळ वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची गरज नाही. पूर्वी मात्र दुसऱ्याच्या ऑनलाइन बाजारावर एक वस्तू विकली तरी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही सक्ती शिथिल झाली. उलाढाल मर्यादेच्या आत असेल आणि विक्री आपल्याच राज्यात होत असेल, तर पॅनच्या आधारे जीएसटी पोर्टलवर केवळ नावनिशी क्रमांक घेऊन विकता येते. त्याच दिवसापासून कंपोझिशन योजनेतील, म्हणजे ठोक दराने कर भरणाऱ्या व्यापाऱ्यालाही राज्यांतर्गत ऑनलाइन विक्रीची मुभा मिळाली. स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा व्हॉट्सअॅपवरून आपलाच माल विकणारा तर या सक्तीच्या कक्षेत पूर्वीही नव्हता.

अडचण सुरू होते ती राज्याची सीमा ओलांडली की. करपात्र वस्तू परराज्यात विकायची, तर हस्तकलेसारखे काही अपवाद वगळता पहिल्या रुपयापासून नोंदणी करावी लागते. कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याला तर परराज्यात विकताच येत नाही. उमरग्याच्या व्यापाऱ्याला हा नियम चमत्कारिक वाटल्यास नवल नाही. पुणे त्याच्यापासून रात्रभराच्या प्रवासावर आहे आणि तेथे माल धाडणे सोपे. बसवकल्याण आणि आळंद जवळ आहेत, तिकडची गिऱ्हाइके पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या दुकानात येतात, पण तिकडे पार्सल धाडले की तो आंतरराज्य व्यापार ठरतो. तेच गिऱ्हाईक दुकानात येऊन माल घेऊन गेले आणि बिलावर परराज्यातला पत्ता लिहिला नाही, तर व्यवहार राज्यांतर्गत राहतो. ऑनलाइन बाजारांवर एकाहून अधिक राज्यांत विकणाऱ्या लहान विक्रेत्यांसाठी सोपी नोंदणी पद्धत आणण्याला जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत तत्त्वतः मान्यता दिली. सीमेवरच्या तालुक्यांना याची गरज महानगरांपेक्षा अधिक आहे, आणि आपल्या व्यापारी संघटनांनी हा मुद्दा लावून धरायला हवा.

ज्वारीच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. सुटी ज्वारी करमुक्त आहे. तीच पाच-दहा किलोच्या पिशवीत भरून, छापील लेबल लावून विकली, की जुलै २०२२ पासून तिच्यावर ५ टक्के कर लागतो. म्हणजे दुकानात पोत्यातून मापून दिलेले धान्य आणि पार्सलासाठी वेष्टनात बांधलेले धान्य कायद्याच्या लेखी वेगळे आहे. दुकानात केवळ करमुक्त माल विकणाऱ्याने हे विसरू नये.

खाद्यपदार्थांची गोष्ट अधिक नाजूक आहे. खवा ही काही दिवसांची वस्तू आहे, उन्हाळ्यात तर काही तासांची. तो तुळजापूरहून नागपूरला साध्या कुरिअरने धाडणे म्हणजे तक्रार विकत घेणे होय. थंडीच्या दिवसांत रात्रीच्या बसने पुण्यापर्यंत, त्यापलीकडे पेढा, अशी मर्यादा विक्रेत्याने स्वतःच घालून घ्यावी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी नोंदणी क्रमांक वेष्टनावर हवाच. विक्री दुसऱ्याच्या ऑनलाइन बाजारावर होणार असेल, तर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किंमत व तक्रारीसाठी संपर्क हा तपशील तेथील पानावरही दिसला पाहिजे. वजन-मापे कायद्याखालील हा नियम जानेवारी २०१८ पासून लागू आहे. मानांकनाबाबतही सावध असावे. नाव प्रसिद्ध झाले म्हणून कोठलाही खवा कुंथलगिरीचा म्हणून विकता येत नाही. मानांकित नाव वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते आणि माल ठरलेल्या भागातला असावा लागतो. भट्टीवाल्यांनी व दुकानदारांनी मिळून हे काम केले नाही, तर परजिल्ह्यातला खवा या नावाने विकला जाईल.

तुळजापूरच्या दुकानदारांसाठी जानेवारी २०२४ मधील एक प्रसंग उद्बोधक आहे. अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेच्या सुमारास अॅमेझॉनवर 'श्रीराम मंदिर अयोध्या प्रसाद' अशा नावाने मिठाई विकली जात होती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला नोटीस दिली आणि ती विक्री थांबली. मिठाई वाईट होती असे कोणी म्हटले नव्हते. नावाने गिऱ्हाइकाची दिशाभूल होते, हा आक्षेप होता. महाद्वारासमोरच्या दुकानातला पेढा 'तुळजापूरचा पेढा' म्हणून खुशाल विकावा. 'मंदिराचा प्रसाद' म्हणून विकू नये. दुकानात हा फरक गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसतो, मोबाइलच्या पडद्यावर दिसत नाही.

गावाच्या नावाचा विषय निघालाच आहे, तर हेही सांगून टाकू. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. परंतु जुने दाखले, परवाने आणि लोकांची शोधण्याची सवय यांत जुने नाव अजून आहे. ऑनलाइन पानावर दोन्ही नावे लिहावीत. बँक, परवाना आणि करनोंदणी यांतला पत्ता मात्र एकसारखा करून घ्यावा, अन्यथा पडताळणीत अर्ज अडकतो.

पुण्याच्या गिऱ्हाइकाचे जे फायदे वर सांगितले, त्यांना एक दुसरी बाजू आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक आपण राहतो त्याच ठिकाणच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. पेढ्याचा डबा पुण्यात बुरशी लागलेला निघाला, तर वाशीच्या दुकानदाराला पुण्याच्या आयोगापुढे उत्तर द्यावे लागेल. ई-कॉमर्ससाठी २०२० मध्ये झालेल्या नियमांप्रमाणे सदोष, वर्णनाशी न जुळणारा किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोचलेला माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही भिंतीवरची पाटी येथे उपयोगी पडत नाही. पार्सल बांधतानाचे छायाचित्र काढून ठेवणे आणि पोचण्याची मुदत दोन दिवस वाढवूनच सांगणे, या दोन सवयींनी बरेचसे तंटे टळतात.

आता पुन्हा कर्नाटकाच्या नोटिसांकडे. तेथील अनेक दुकानदारांची खरी अडचण कर चुकवण्याची नव्हती, हिशेब दाखवण्याची होती. एकाच खात्यात विक्रीचे पैसे, मेहुण्याने परत केलेले हातउसने, भिशीची रक्कम आणि जुन्या उधारीची वसुली असे सारे जमा झाले, तर त्यातली विक्री किती आणि करमुक्त मालाची किती, हे तीन वर्षांनी सिद्ध कसे करणार? म्हणून दुकानासाठी स्वतंत्र चालू खाते काढावे आणि क्यूआर कोड त्याच खात्याचा लावावा. मुलाच्या किंवा पत्नीच्या खात्याचा कोड गल्ल्यावर चिकटवण्याची पद्धत आजच बंद करावी. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर विश्वास न ठेवता पैसे खात्यात आल्याची खात्री करावी, हे आता सांगायला नको, तरीही फसणारे रोज फसतात.

हे सारे सांभाळताना गावातला गल्ला दुर्लक्षित होता कामा नये. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा, भूम आणि आसपासच्या भागात अतिवृष्टीने व पुराने खरीप हातचे गेले, तेव्हा त्याचा फटका शेतकऱ्याइतकाच त्याच्या किराणा दुकानदारालाही बसला. सोयाबीन विकले की उधारी फिटते, हे येथील बाजारपेठेचे वर्षाचे वेळापत्रक आहे. कोठलाही ऑनलाइन बाजार सोयाबीन येईपर्यंत थांबत नाही. दुकानदार थांबतो, म्हणून गिऱ्हाईक त्याच्याकडे येते. परंतु थांबायला भांडवल लागते, आणि पुण्याहून आगाऊ येणारे पैसे अशा वर्षी नेमके येथेच कामी येतात. जुलै २०२१ पासून किरकोळ व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी करता येते. तिचा उपयोग बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरता आहे, विलंबित देण्यांच्या संरक्षणासारखे इतर लाभ व्यापाऱ्यांना मिळत नाहीत. तरीही ती विनाशुल्क असल्याने करून ठेवावी, आणि बँकेत जाताना दोन्ही गल्ल्यांचा वर्षभराचा हिशेब वेगवेगळा लिहून सोबत न्यावा.