नटराज सर्नमध्ये, शिल्पकार दाराबाहेर

जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेच्या आवारात दोन मीटर उंचीचा नटराज उभा आहे. भारताच्या अणुऊर्जा विभागाची ही भेट. १८ जून २००४ रोजी विभागाचे तत्कालीन सचिव डॉ. अनिल काकोडकर यांच्या उपस्थितीत तिचे अनावरण झाले. तेव्हापासून भारतात ‘कला आणि भौतिकी यांचे मीलन’ असा विषय निघाला की पहिले छायाचित्र याच मूर्तीचे पुढे येते. व्याख्यानांत येते, महाविद्यालयांच्या भित्तिपत्रकांत येते आणि पहाटेच्या व्हॉट्सॲप संदेशांत तर हटकून येते.

स्पष्टच म्हणायला हवे की हे मीलन नव्हे, हा शेजार आहे. मूर्ती देखणी आहे आणि भेटीमागचा स्नेहही खरा आहे. पण नटराजाचे हे रूप सुमारे हजार वर्षांपूर्वीच रूढ झालेले. त्याच्या घडणीत कणभौतिकीचा काडीइतकाही वाटा नाही आणि ती मूर्ती आवारात आल्याने भौतिकीच्या एकाही प्रश्नाला नवे वळण मिळालेले नाही. दोन थोर परंपरा एका अंगणात उभ्या केल्या गेल्या. त्यांच्यात संवाद झाला, असे मात्र परस्पर गृहीत धरले गेले.

कला आणि भौतिकी यांचे खरे सहकार्य ओळखण्याची कसोटी साधी आहे. शिल्पाचा आकार बदलला तर विज्ञानाचे काही बिघडते का? आणि विज्ञान वजा केले तर शिल्पाचे काही बिघडते का? दोन्ही उत्तरे ‘नाही’ असतील, तर ते सहकार्य नव्हे, सजावट होय. सर्नमधल्या नटराजाच्या जागी उद्या वीणाधारी सरस्वती ठेवली, तर फलकावरचा मजकूर तेवढा बदलावा लागेल. बाकी सारे तसेच राहील.

या कसोटीला उतरणारी कामे भारतात नाहीत असे मुळीच नाही. जयपूरच्या जंतरमंतरमधील सम्राट यंत्र पाहावे. सवाई जयसिंगांनी उभारलेली ही सुमारे २७ मीटर उंचीची छायाघटिका. तिची तिरपी कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे, म्हणजे तिचा कोन जयपूरच्या अक्षांशाने ठरवला आहे. सावली दर सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते आणि डोळ्यांना सरकताना दिसते. कोन एका अंशाने चुकला असता तर वेळ चुकली असती. येथे सौंदर्य आणि अचूकता वेगळी काढताच येत नाहीत.

नव्या संसद भवनातील फूको लंबकाचेही तसेच. कोलकात्याच्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेने घडवलेला हा ३६ किलोंचा लंबक २२ मीटर उंचीवरून लोंबतो आणि त्याच्या आंदोलनाची दिशा ४९ तास ५९ मिनिटे १८ सेकंदांत एक फेरी पूर्ण करते. हा काळ दिल्लीचा आहे. तोच लंबक पुण्यात टांगला तर एका फेरीला ७५ तासांहून अधिक वेळ लागेल आणि विषुववृत्तावर फेरी होणारच नाही. ज्या जागी तो उभा आहे, त्या जागेचे सत्य तो सांगतो. पुण्याच्या आयुकातही लंबक आहे. तेथे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी आवाराची कल्पनाच एकत्र बसून केली. त्यामुळे सिर्पिन्स्कीचा त्रिकोण तेथे भिंतीवरच्या चित्रात अडकला नाही, पायाखालच्या फरसबंदीत उतरला.

परदेशातले उदाहरण हवे असेल तर अमेरिकेतील फर्मीलॅबचे पहिले संचालक रॉबर्ट विल्सन यांचे घ्यावे. ते भौतिकशास्त्रज्ञ होते आणि शिल्पकारही. प्रयोगशाळेच्या प्रवेशद्वारावर त्यांनी तीन बाहूंची प्रचंड पोलादी कमान उभारली आणि तिला ‘भंगलेली सममिती’ असे नाव दिले. नेमके तिच्याखाली उभे राहून वर पाहिले तर ती सममित दिसते. एक पाऊल बाजूला सरकले की सममिती मोडते. निसर्गाचे काही नियम आरशातल्या प्रतिमेत टिकत नाहीत, हा विसाव्या शतकातील मोठा धक्का होता. विद्यार्थ्याला तो येथे चालता चालता कळतो, फलक वाचावा लागत नाही. खुद्द सर्ननेही २०११ पासून कलावंतांना बोलावून त्यांना भौतिकशास्त्रज्ञांसोबत राहण्याची, वाद घालण्याची व्यवस्था केली आहे. म्हणजे ज्या संस्थेला भारताने तयार मूर्ती दिली, ती संस्था त्या प्रकारापलीकडे केव्हाच गेली. भारतातील संस्था मात्र बहुतांशी अजून ‘इमारत झाली, आता दारात काहीतरी बसवा’ याच टप्प्यावर आहेत.

यावर ठरलेले उत्तर असे येते की नटराजाचे नृत्य म्हणजे कणांची उत्पत्ती आणि विलय, आणि ही उपमा फ्रिट्‌जॉफ काप्रा यांनी १९७५ मध्येच मांडली. मग आक्षेप कशाला? आक्षेप उपमेला नाही, उपमेवरच थांबण्याला आहे. कण निर्माण होतात आणि नाहीसे होतात, हे खरे. पण त्या उलाढालीत ऊर्जा, संवेग आणि विद्युतप्रभार यांचा हिशेब काटेकोर जुळतो. भौतिकीचा आत्मा या हिशेबात आहे. ‘किती?’ हा प्रश्न उपमेत उरत नाही आणि तो गळाला की विज्ञानाचे केवळ विज्ञानासारखे वाटणारे काहीतरी उरते. त्यातूनच ‘सर्नने शिवतत्त्व मान्य केले’ असे संदेश फिरतात. २०१६ मध्ये तर याच मूर्तीसमोर रात्री कोणी नरबळीचे नाटक चित्रित केले. सर्नला चौकशी करावी लागली आणि कटकारस्थानांच्या बाजाराला खाद्य मिळाले. चेष्टेचा दोष मूर्तीवर येत नाही. पण अर्थ न बांधलेल्या प्रतीकात कोणीही हवा तो अर्थ भरतो, हा धडा विसरण्याजोगा नाही.

आता याच सर्नमधील दुसरी भारतीय वस्तू पाहावी, जिचे छायाचित्र कोणी पुढे पाठवत नाही. लार्ज हेड्रॉन कोलायडरच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यात महाकाय अतिवाहक चुंबके बसवली आहेत. त्यांतील मुख्य चुंबके प्रत्येकी ३० टनांहून जड आहेत. ही चुंबके ज्या आधारांवर टेकली आहेत, ते अचूक स्थाननिश्चितीचे ७०८० जॅक भारताने पुरवले. एवढे वजन पेलून ते जागेवरून केसाच्या जाडीइतके सरकवता येते. हा भारताचा खरा हस्ताक्षरित वाटा. भार, आधार आणि तोल हे तर शिल्पकाराचे जन्माचे प्रश्न. एखाद्या शिल्पकाराला त्या अभियंत्यांच्या शेजारी वर्षभर बसवले असते, तर त्या तोलातून काय घडले असते? ही कल्पना तरी कोणाला सुचली का?

खेदाची गोष्ट म्हणजे नटराजातही हाच प्रश्न दडलेला आहे. एका पायावर उभी, बाहू आणि जटा पसरलेली धातूची आकृती तोलून धरणे हे गुरुत्वमध्याचे गणित आहे. स्वामीमलैचे स्थपती मेणाची आकृती घडवतात, तिच्यावर कावेरीच्या गाळाचे थर देतात, भाजून मेण काढतात आणि पोकळीत वितळलेला धातू ओततात. साचा फोडावाच लागतो, म्हणून प्रत्येक मूर्ती एकमेव. बंगळूरच्या डॉ. शारदा श्रीनिवासन यांनी शिशाच्या समस्थानिकांच्या साहाय्याने दक्षिणेतील कांस्यमूर्तींचा अभ्यास केला, तेव्हा प्रयोगशाळा आणि ओतशाळा यांच्यात खरा संवाद झाला. सर्नमधल्या फलकाने मात्र स्थपतीच्या या भौतिकीला बगल दिली आणि विश्वनृत्याची उपमा पुढे केली. कारागिराचे ज्ञान हाताशी असताना त्याच्याकडे केवळ प्रतीक पुरवणारा म्हणून पाहिले गेले.

‘गरीब देशाला ही चैन कशाला?’ हा आक्षेपही तपासावा. संस्थांच्या आवारात पुतळे, कारंजी आणि सुशोभीकरण यांवर खर्च होतोच. प्रश्न अधिक पैशांचा नाही, क्रमाचा आहे. शिल्पकार शेवटी येतो, कंत्राटदाराच्या मागून. तो आराखड्याच्या पहिल्या बैठकीला हवा, आणि त्याला भौतिकशास्त्रज्ञाला अडवून ‘म्हणजे नेमके काय?’ असे विचारण्याचा अधिकार हवा. हा प्रश्न शास्त्रज्ञाच्याही हिताचा असतो. जे सूत्र आकारात सांगता येत नाही, ते अनेकदा सांगणाऱ्यालाच पुरते उमगलेले नसते.

ही चर्चा आत्ताच करण्याचे कारण आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. काटकोनात पसरलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि गुरुत्वीय लहर गेली की त्यांच्या लांबीत होणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान. इतका मोठा आकार आणि इतके सूक्ष्म थरथरणे, यांहून कठीण आणि मोहक विषय शिल्पकाराला कोणता मिळणार? औंढ्याच्या नागनाथ मंदिराच्या भिंतींवर तर शिल्पपरंपरेचा जुना वारसा उभाच आहे.

दोन मार्ग समोर आहेत. एक सोपा: प्रकल्प पूर्ण व्हावा, ज्योतिर्लिंगाचे स्थान म्हणून दारात एक मूर्ती बसवावी, फलकावर अवकाशकाळाच्या तांडवाविषयी चार ओळी लिहाव्यात आणि उद्घाटनाच्या छायाचित्रात विज्ञान व संस्कृती यांचा संगम जाहीर करावा. दुसरा कष्टाचा: औंढ्याच्या परिसरातले पाथरवट, कलाशाळांतले तरुण शिल्पकार आणि लहरी मोजणारे भौतिकशास्त्रज्ञ यांना आत्तापासून एका टेबलाशी बसवावे आणि असे काही घडवून घ्यावे, ज्याचा कोन बदलला तर अर्थ बदलेल.

पहिल्या मार्गाला कोणी हरकत घेणार नाही. म्हणूनच विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ती घ्यायला हवी.