सायकल चालवा म्हणता, पण कुठे?

मधुमेह, रक्तदाब, वाढलेलं वजन, गुडघेदुखी. तक्रार कोणतीही असो, डॉक्टरांच्या कागदावर शेवटची ओळ ठरलेली असते : "नियमित व्यायाम करा." तुम्ही मान डोलावता आणि घरी जाता. पुढच्या भेटीत वजन तेवढंच असतं. मग डॉक्टर म्हणतात, "मनावर घेत नाही तुम्ही."

मला हे वाक्य पटत नाही. औषध लिहून दिलं आणि ते गावात कुठल्याच दुकानात मिळत नसेल, तर आपण रुग्णाला आळशी म्हणतो का? व्यायामाच्या बाबतीत मात्र बिनदिक्कत म्हणतो. साठीच्या बाईंनी किंवा दहा वर्षांच्या मुलाने ट्रक, डंपर आणि भरधाव दुचाक्यांमधून सायकल काढावी, असं कोणता डॉक्टर प्रामाणिकपणे सांगेल? आपल्या देशात 2022 या एका वर्षात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसं गेली. तुमची भीती हा बहाणा नाही, ते शहाणपण आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. मोटारींना मज्जाव असलेले, झाडीतून जाणारे सायकलमार्ग ही चैनीची गोष्ट नाही, ती सार्वजनिक आरोग्याची सोय आहे. दवाखाना आणि पिण्याचं पाणी जसं मागतो, तसंच ते मागायला हवेत.

सायकलने शरीरात नेमकं काय होतं?

मांडीचे स्नायू हे शरीरातले सर्वात मोठे स्नायू. ते काम करू लागले की रक्तातली साखर आत ओढून घेतात, आणि विशेष म्हणजे यासाठी त्यांना इन्सुलिनची फारशी वाट पाहावी लागत नाही. ज्यांच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही, त्यांच्यासाठी ही मोठीच गोष्ट आहे. आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे.

दुसरा फायदा गुडघ्यांचा. सायकलवर शरीराचं बरंचसं वजन सीटवर असतं. त्यामुळे चालताना ज्यांचे गुडघे कुरकुरतात, त्यांनाही सपाट रस्त्यावर सायकल बहुधा जमते.

तिसरा हृदयाचा. ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक लोकांचा एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका 41 टक्के कमी आढळला. हे सगळं श्रेय एकट्या सायकलचं नव्हे. सायकल चालवणारे लोक इतर बाबतींतही तब्येत सांभाळणारे असू शकतात. पण असे निष्कर्ष वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा आले आहेत.

मग झाडीच कशाला? सायकल चालवताना श्वास जोरात आणि खोल चालतो. वाहनांच्या गर्दीत तोच श्वास धूर आणि बारीक कण फुप्फुसात खोल नेतो. हॉर्नच्या सततच्या आवाजाने ताणाची संप्रेरकं वाढतात, रक्तदाब चढतो. सावलीत ऊन कमी लागतं, आवाज कमी असतो, आणि मुख्य म्हणजे मागून कोण येतंय याची धास्ती नसते. धास्ती नसली की माणूस दुसऱ्या दिवशीही येतो. व्यायामाचा फायदा त्या "दुसऱ्या दिवशी"मध्येच असतो.

"हे परदेशात ठीक आहे हो!"

हा आक्षेप मी नेहमी ऐकतो. नेदरलँड्सचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, त्यांच्या रक्तातच सायकल आहे. तसं अजिबात नाही. 1971 साली त्या छोट्या देशात रस्ते अपघातांत सुमारे 3,300 माणसं मेली, त्यात 400हून अधिक मुलं होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. "मुलांच्या हत्या थांबवा" या नावाचं आंदोलन उभं राहिलं. आज दिसणारे सायकलमार्ग अशा भांडणातून मिळाले आहेत.

त्याच देशात होगे वेलुवे नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे 5,400 हेक्टरांचं. आत हरणं आहेत, रानडुकरं आहेत. चाळीसहून अधिक किलोमीटरचे सायकलमार्ग आहेत आणि सुमारे 1,800 पांढऱ्या सायकली. दारावर तिकीट काढायचं, हवी ती सायकल उचलायची; वेगळं भाडं नाही. आजीआजोबा, लहान मुलं, कधीच व्यायाम न करणारे, सगळे त्यावर दिसतात. तिथे कुणी "इच्छाशक्ती"वर भाषण देत नाही. सोय करून देतात, एवढंच.

आणि जंगलातली वाहनं थांबवणं आपल्याला जमत नाही, असं म्हणू नका. माथेरानला मोटार दस्तुरी नाक्यावर सोडावीच लागते. कर्नाटकातल्या बंदीपूरच्या जंगलातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 2009पासून रात्री 9 ते सकाळी 6 सामान्य वाहतुकीला बंद असतो, वन्यप्राण्यांसाठी. प्राण्यांसाठी रात्री रस्ता बंद ठेवता येतो, तर माणसांच्या हृदयासाठी सकाळचे तीन तास का नाही?

जंगलाचं काय?

हा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला बगल देऊ नये. "सायकल ट्रॅक" म्हणून झाडं तोडून, टेकडी फोडून सिमेंटचा पट्टा ओतायचा आणि वर्षभरात त्यावर दुचाक्या सोडायच्या, असा प्रकार असेल तर माझाही विरोध आहे. मागणी नव्या रस्त्याची नाही. आधीच असलेल्या रस्त्यावरून मोटारी हटवण्याची आहे.

बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान घ्या. सुमारे 104 चौरस किलोमीटरचं जंगल, चारी बाजूंनी शहर. प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरचा डांबरी रस्ता आधीच आहे. तिथे वर्षानुवर्षं भाड्याच्या सायकली मिळत आल्या आहेत. असा रस्ता ठरावीक वेळी पूर्णपणे सायकली आणि पायी चालणाऱ्यांसाठी राखला, तर एकही झाड पाडावं लागणार नाही. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी सावकाश जाणारी विजेवरची बस असावी, रुग्णवाहिकेला कधीही अडवू नये. बिबट्यांचं ते घर आहे. म्हणून अंधार पडायच्या आत माणसांनी बाहेर यावं, हा नियम कडक हवा.

"घरात स्थिर सायकल घ्या की" असंही सांगितलं जातं. ज्यांना जमतं त्यांनी जरूर घ्यावी. पण बऱ्याच घरांत तिच्यावर महिन्याभरात टॉवेल वाळत पडतात, आणि दोन खोल्यांत पाच माणसं राहणाऱ्यांनी ती ठेवायची कुठे? झाडीतला रस्ता श्रीमंताला आणि गरिबाला सारखाच मिळतो.

अर्थात रविवारच्या जंगलफेरीने शहराची जबाबदारी संपत नाही. शाळा, बाजार आणि कामाच्या रस्त्यांवरही सुरक्षित मार्ग हवेच. पण सायकल विसरलेल्या माणसाला पहिलं पाऊल टाकायला निर्धोक जागा लागते. ती इथे मिळते.

सुरुवात करणाऱ्यांसाठी

• मोठ्यांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम, मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुरुवात दहा मिनिटांनी करा.
• चालवताना बोलता यावं, गाता येऊ नये. एवढा वेग पुरे.
• पायडल सर्वात खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील इतकी सीट उंच ठेवा. सीट फार खाली असली तर गुडघे दुखतात.
• इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेत असाल, तर खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा आणि एकटे जाऊ नका.
• छातीत दुखणं, चक्कर, फिट येणं, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा डोळ्याच्या पडद्यातला रक्तस्राव असेल, तर आधी तपासून घ्या. चालवताना छातीवर दाब आला, घाम फुटला तर लगेच थांबा आणि मदत मागा.
• सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या सत्तरी भागात गोचिडींमुळे माकडताप होतो. तिथल्या जंगलात पूर्ण कपडे घाला, परतल्यावर अंग तपासा, ताप आल्यास जंगलात गेल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता तुमचं काम. तुमच्या गावाजवळच्या टेकडीचा, वनोद्यानाचा, तलावाकाठचा कोणता रस्ता सकाळी मोटारींविना ठेवता येईल ते पाहा. पाच शेजारी गोळा करा आणि वनविभागाला, नगरपालिकेला लेखी मागणी द्या. पोचपावती घ्या. पुढच्या वेळी डॉक्टरांनी "व्यायाम करा" म्हटलं की त्यांचीही त्या अर्जावर सही घ्या.