रस्ता बंद आहे

'काम चालू, रस्ता बंद.' ही पाटी आपल्या शहरांत इतकी ओळखीची झाली आहे की ती वाचायला कोणी थांबतही नाही. पत्र्याची ती पाटी बहुधा एखाद्या पिंपाला टेकवून ठेवलेली असते. काम कशाचे आहे ते तिच्यावर नसते, काम कोणाचे आहे ते नसते, आणि रस्ता कधी उघडणार हे तर मुळीच नसते. माझे म्हणणे आहे ते या न लिहिलेल्या मजकुराबद्दल.

आधी एक गोष्ट मान्य करू. रस्ता खोदावा लागतोच. आपल्या पायांखाली दुसरे एक शहर पुरलेले असते. त्यात पिण्याच्या पाण्याचे नळ असतात, मैलापाण्याची गटारे असतात, पावसाचे पाणी वाहून नेणारे नाले असतात, विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा असतात. मोठ्या शहरांत गॅसच्या नळ्याही असतात. मुंबईला विहार तलावाचे पाणी नळाने मिळू लागले ते १८६० मध्ये, आणि तानसाचे पाणी आले १८९२ मध्ये. म्हणजे जमिनीखाली नळ घालण्याला तेथे दीडशेहून अधिक वर्षे झाली. लोखंड गंजते, सांधे सैल होतात. त्यातून आपल्या बहुतेक शहरांत पाणी दिवसाचे काही तासच येते. पाणी बंद झाले की नळातील दाब कमी होतो आणि शेजारच्या गटारातील घाण फटीतून आत ओढली जाते. मग त्या वस्तीत जुलाब, कावीळ, विषमज्वर सुरू होतात. तेव्हा जुना नळ बदलू नका, असे कोणताही समजदार माणूस म्हणणार नाही.

मग लोक चिडतात कशावर? आमच्या शाळेमागच्या रस्त्यावर एका वर्षी मैलापाण्याचा नळ बदलण्याचे काम निघाले. डिसेंबरात खोदलेला चर मार्च संपला तरी उघडाच होता. नळ टाकून झाला होता. फक्त चर बुजवायचा राहिला होता. दहावीच्या परीक्षेला जाणारी मुले लाकडाच्या फळीवरून तोल सांभाळत चर ओलांडत. गॅसवाला सिलिंडर नाक्यावरच उतरवून निघून जाई. घरी आलेल्या पाहुण्यांना घ्यायला नाक्यापर्यंत माणूस पाठवावा लागे. एका बाळंतिणीला खुर्चीत बसवून चौघांनी मोठ्या रस्त्यापर्यंत उचलून नेले, कारण रुग्णवाहिका आत येऊ शकत नव्हती. ती सुखरूप पोहोचली, हे नशीब. हातगाडीवर माल ओढणाऱ्याचा फेरा लांबला, पण त्याची मजुरी वाढली नाही. त्या रस्त्यावरच्या शिंप्याकडे आणि बेकरीवाल्याकडे येणारी गिऱ्हाइके दुसरीकडे वळली, आणि एकदा वळलेले गिऱ्हाईक रस्ता उघडल्यावर परत येतेच असे नाही. दुकानाचे भाडे मात्र दर महिन्याला द्यावे लागले. हे नुकसान कोणत्याही कागदावर लिहिले जात नाही. कामाच्या अंदाजपत्रकात खडी, सिमेंट आणि नळ यांचा खर्च असतो, शिंप्याच्या बुडालेल्या धंद्याचा नसतो.

उशीर का होतो, हेही समजून घेतले पाहिजे. पुष्कळदा खोदणारा एक असतो आणि बुजवणारा दुसरा. तार किंवा नळी टाकणारी कंपनी रस्ता पूर्ववत करण्याचा आकार महापालिकेकडे भरते, आपले काम उरकते आणि निघून जाते. पुढे तो चर भरण्याचे काम पालिकेच्या ठेकेदाराकडे येते. या दोघांच्या मधला जो काळ असतो, तो लोकांच्या वाट्याला येतो. घाईघाईने नुसती माती लोटून चर भरला तर तेही उपयोगाचे नाही. माती थराथराने घालून प्रत्येक थर नीट दाबावा लागतो. तसे केले नाही तर पहिल्याच पावसात रस्ता खचतो आणि पुन्हा खोदकाम सुरू होते. पावसाळ्यात खोदायला सहसा परवानगी नसते, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत सगळीकडे एकदम कुदळी पडतात. त्या वेळी मजूरही कमी पडतात.

शिवाय पाण्याचे खाते खोदून गेले की विजेचे येते, त्यानंतर टेलिफोनचे. नव्या डांबराचा वास जाण्याआधीच त्याच्यावर कुदळ पडलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. यावर उपाय नाही असे नाही. पॅरिस शहरात एकोणिसाव्या शतकातच माणूस चालू शकेल एवढी भुयारी गटारे बांधली गेली आणि पाण्याचे नळही त्यांतूनच नेले. आपल्या देशात गुजरातमधील गिफ्ट सिटीत अशा सर्व वाहिन्यांसाठी एकच भुयार बांधलेले आहे. जुन्या, दाट वस्तीच्या शहरात असे भुयार काढणे सोपे नाही, हे मी जाणतो. पण सर्व खात्यांनी एकत्र बसून कोण कधी खोदणार हे ठरवायला भुयार लागत नाही. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचे मोबाइल ॲप सुरू केले. खोदणाऱ्याने आधी कळवावे आणि ज्यांच्या तारा-नळ्या तेथे आहेत त्यांनी त्याला सावध करावे, अशी त्यामागची कल्पना आहे. खात्यांनी एकमेकांना सांगण्याची सोय झाली, हे चांगलेच झाले. आता त्या रस्त्यावर राहणाऱ्यांनाही कोणी सांगावे.

काही अधिकारी म्हणतात की जमिनीखाली काय निघेल ते आधी कळत नाही, म्हणून तारीख देता येत नाही. हे अर्धेच खरे आहे. तारीख चुकू शकते. चुकली तर जुनी तारीख खोडून नवी लिहावी आणि कारणही लिहावे. दहा दिवस लागणार हे माहीत असेल तर माणूस दहा दिवसांची तयारी करतो. काहीच माहीत नसेल तर तो रोज सकाळी नव्याने चिडतो. बुजवण्याची तारीख ठरल्याशिवाय खोदण्याची परवानगीच देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि काम चालू असताना पायी चालणाऱ्यांसाठी निदान कठडा असलेली मजबूत फळी हवी. रात्री तेथे दिवा हवा.

आता थोडे आपल्याविषयी. उघड्या चरात कचऱ्याच्या पिशव्या टाकणारे बाहेरून आलेले नसतात. अडथळा बाजूला सारून मोटारसायकल काढणारी मुलेही आपलीच असतात. राग काढायचा तर आपण तो चरात उतरलेल्या मजुरावर काढतो. तो बिचारा गुडघाभर मैलापाण्यात उभा असतो आणि रस्ता कधी उघडणार हे त्यालाही कोणी सांगितलेले नसते.

विद्यार्थी मित्रांनो, 'तक्रार' हा शब्द तुम्हाला ओळखीचा वाटेल. उर्दूत 'तकरार' म्हणजे पुन्हा पुन्हा तेच बोलणे, किंवा वाद. मराठीत 'तक्रार' म्हणजे शिकायत. पालिकेच्या कचेरीत गेलेल्या माणसाला हे दोन्ही अर्थ एकदमच कळतात! तरी कागद वाया जातोच असे नाही. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी रस्त्यांवरील खड्ड्यांविषयी मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच जनहित याचिका म्हणून चालवले. २०१५ मध्ये न्यायालयाने सांगितले की चांगले रस्ते आणि पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

आपल्यापैकी प्रत्येकाला न्यायालयात जाता येणार नाही. पण माहितीचा अधिकार कायदा २००५ पासून आहे. महाराष्ट्रात त्याच्या अर्जाला १० रुपये शुल्क लागते आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. घरातील मोठ्यांना तुम्ही तो अर्ज मराठीत लिहून देऊ शकता. प्रश्न चारच पुरेत : हे काम कोणत्या खात्याचे? ठेकेदार कोण? परवानगी कोणत्या तारखेपर्यंतची आहे? आणि चर बुजवण्याची जबाबदारी कोणाची?