‘पानी’ मागणाऱ्या लेकराला आधी पाणी द्या

२०२५ सालचा जून महिना आठवून पाहा. १७ जूनला राज्य सरकारने सुधारित शासन निर्णय काढला आणि पहिलीपासून हिंदी ही ‘सर्वसाधारणपणे’ तिसरी भाषा असेल असं सांगितलं. एप्रिलच्या आदेशातला सक्तीचा शब्द तेवढा बदलला होता. दुसऱ्याच दिवशी, १८ जूनला, सोलापुरात मारुती चितमपल्ली गेले. २३ जूनला विदर्भातल्या शाळा उघडल्या. उन्हामुळे आपल्याकडे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा भरतात. शाळेचा पहिला आठवडा सरला आणि २९ जूनला, रविवारी, सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले. ५ जुलैला वरळीत विजयी मेळावा झाला.

त्या दिवसांत पहिलीच्या मुलावर जितकं बोललं गेलं, तितकं क्वचितच कधी बोललं गेलं असेल. सहा वर्षांच्या लेकराला तिसरी भाषा झेपेल का, यावर वाहिन्यांवर रोज रात्री चर्चा झडल्या. मीही सक्तीच्या विरोधातच होतो. निर्णय मागे गेला तेव्हा मलाही बरं वाटलं. पण त्या गदारोळात एक साधा प्रश्न कुणी विचारला नाही. तिसरी भाषा नको, हे ठरलं. पण पहिलीत येणाऱ्या मुलाची पहिली भाषा कोणती?

जंगलाकाठचा वर्ग

हा प्रश्न मुंबई-पुण्यात बसून नीट दिसत नाही. तो नागझिऱ्याच्या वेशीवर दिसतो.

नागझिरा म्हटलं की मराठी वाचकाला व्यंकटेश माडगूळकरांचं त्याच नावाचं पुस्तक आठवतं, पर्यटकाला चोरखमारा, मंगेझरी, पिटेझरीची प्रवेशद्वारं आठवतात. १९७० साली अभयारण्य झालं, २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. पावसाळा लागला की जंगल पर्यटकांसाठी बंद होतं आणि जिप्सी थांबतात. नेमक्या त्याच सुमारास या जंगलाकाठच्या गावांत शाळा भरू लागतात. म्हणजे बाहेरच्या माणसाची नजर इथून हटते, तेव्हा इथल्या लेकराच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट सुरू होते.

या लेकरांच्या घरात कोणती भाषा आहे? गोरेगाव, तिरोडा, सडक अर्जुनी, साकोली हा झाडीपट्टीचा मुलूख. कुठे झाडीबोली, कुठे पोवारी, कुठे गोंडी, आणि मध्य प्रदेश-छत्तीसगडची सीमा जवळ असल्याने बाजारात हिंदी. झाडीबोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. पाणी तिथे ‘पानी’ असतं, डोळा ‘डोरा’ असतो. गोंडी घरातलं मूल तर पाण्याला ‘येर’ म्हणतं.

पहिल्या दिवशी शाळेत प्रवेशोत्सव असतो. तोरणं, फुगे, गुलाबाचं फूल, नवी पुस्तकं, गोड खाऊ. पाहुणे येतात, फोटो निघतात आणि व्हॉट्सॲपवर वर जातात. दुसऱ्या दिवशी पाहुणे नसतात. त्या दिवशी लेकराला तहान लागते. ते उठून म्हणतं, “सर, पानी.” आणि समोरून उत्तर येतं, “पानी नाही, पाणी म्हण!”

माझा पहिला आठवडा

हे मी कुणावर आरोप करण्यासाठी रचून सांगत नाही. हे माझ्याबाबत घडलेलं आहे. आमच्या घरात विदर्भातल्या बहुतेक मुस्लिम घरांत बोलतात तशी हिंदी-दखनी-मराठीची मिसळण बोलली जायची. शाळा मराठी. पहिल्याच आठवड्यात मी उभा राहून विचारलं, “बाई, पानी प्यायला जाऊ?” वर्ग हसला. बाईंनी मला तीनदा ‘पाणी’ म्हणायला लावलं. तिन्ही वेळा माझ्या तोंडून ‘पानी’च आलं. मग बाई म्हणाल्या, जा. मी गेलो, पाणी प्यायलो. पण त्यानंतर दिवाळीपर्यंत मी वर्गात स्वतःहून एक शब्द बोललो नाही. तहान लागली तरी घरी जाऊनच पाणी प्यायचो.

त्या बाई वाईट नव्हत्या. माझ्या सदऱ्याचं तुटलेलं बटण त्यांनी स्वतः लावून दिलं होतं. पण शिक्षकाचं काम म्हणजे चूक दुरुस्त करणं, आणि मुलाच्या घरची बोली म्हणजे चूक, असं त्यांना शिकवलं गेलं होतं. माझी तक्रार त्या शिकवणीबद्दल आहे.

त्याआधी घरी माझी ‘बिस्मिल्लाह’ झाली होती. मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की त्याला पहिला धडा देण्याची आपल्यात जुनी रीत आहे. घरातलं वडीलधारं माणूस एकेक शब्द सावकाश म्हणतं, मूल जमेल तसं मागून म्हणतं. अरबी उच्चार त्या वयात कुणाच्या बापाला जमत नाहीत. तरी कुणी मुलाला रागवत नाही, मिठाई वाटली जाते. आमच्या हिंदू शेजाऱ्यांकडे दसऱ्याला पाटीपूजन व्हायचं, तिथेही पहिली रेघ वाकडी आली म्हणून कुणी मुलाच्या हातातून पेन्सिल काढून घेत नसे. आपल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या आज्यांना जे कळत होतं, ते पदविका घेतलेल्या शाळेला का कळू नये?

पुस्तकात शब्दवैभव, तोंडात चूक

आता पुन्हा चितमपल्लींकडे येतो. वनाधिकारी म्हणून नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात त्यांनी वर्षं काढली. झाडांची, पाखरांची, प्राण्यांची नावं ते इथल्या आदिवासींकडून, ढिवरांकडून, जंगलात राबणाऱ्या माणसांकडून शिकले आणि ती मराठी पुस्तकांत आली. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२५ साली पद्मश्री मिळाली. ते गेले तेव्हा सगळ्या अग्रलेखांनी लिहिलं की, त्यांनी मराठीचं शब्दवैभव वाढवलं. ते खरंच आहे.

पण मग विचारावंसं वाटतं की, जो शब्द अधिकाऱ्याच्या वहीतून आला तर मराठीचं वैभव ठरतो, तोच शब्द ज्याच्या आजोबाकडून आला, त्याच्या नातवाच्या तोंडी पहिलीच्या वर्गात चूक कसा ठरतो? साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा शब्दकोश केला, झाडीबोलीची साहित्य संमेलनं भरतात. हा सगळा संसार त्या वर्गाच्या दाराशी आहे. दाराच्या आत मात्र त्याला जागा नाही.

कायद्याची अडचण आहे म्हणावं, तर तीही नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असं भाषिक अल्पसंख्य मुलांसाठी संविधानाचं कलम ३५०(क) १९५६ पासून सांगतं. २००९चा शिक्षण हक्क कायदा शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा म्हणतो. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण घरच्या भाषेचा आग्रह धरतं. पहिलीची सुरुवातीची तीन महिने खेळातून तयारी करून घेणारा ‘विद्याप्रवेश’ हा कार्यक्रमही २०२१ पासून आहे. कागद भरपूर आहेत.

प्रत्यक्षात काय? बालभारती मराठीसोबत हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी माध्यमांची पुस्तकं छापते. २०११च्या जनगणनेत देशभरात जवळपास तीस लाख लोकांनी गोंडी ही आपली भाषा सांगितली, तिचं माध्यम या यादीत नाही. शेजारच्या गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तर तिला मान्यता नसल्याची नोटीस मिळाली. मातृभाषेचा हक्क ज्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिला आहे, त्याच कायद्याच्या आधारे!

‘मग प्रमाण मराठी शिकवायचीच नाही का?’

हा प्रश्न येणारच. शिकवायची, नक्की शिकवायची. मी हा लेख प्रमाण मराठीतच लिहितो आहे आणि ती मला शाळेनेच दिली. गोंडी, पोवारी, झाडीबोली घरातल्या मुलाला ती मिळाली नाही तर कोर्ट, कचेरी, कॉलेज सगळंच त्याच्यासाठी बंद होईल. वाद मराठी शिकवावी की नाही हा नाही, तिच्याकडे नेणारी वाट कुठून सुरू होते, हा आहे. बोलणाऱ्या मुलाला ‘ण’ शिकवता येतो, गप्प बसलेल्या मुलाला काहीच शिकवता येत नाही. पहिल्या आठवड्यात गप्प झालेलं मूल तिसरीत वाचता येत नाही म्हणून सर्वेक्षणात सापडतं, तेव्हा आपण त्याच्या बुद्धीला, आईबापाच्या गरिबीला दोष देतो. त्या जूनमधली हकिगत तोवर कुणाला आठवत नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा असतो आणि तो प्रामाणिक आहे. दोन शिक्षक, पाच वर्ग, वर ऑनलाइन माहिती भरायची; त्यात तीन-तीन बोली कुठे शिकू? मान्य. पण पहिल्या आठवड्यात मुलाला न टोकण्यासाठी बदलीचा आदेश लागत नाही, निधीही लागत नाही. अंगणवाडीच्या ताईंना आठवडाभर पहिलीच्या वर्गात बसवता येतं. गावातल्या आजीला गोष्ट सांगायला बोलावता येतं. भिंतीवर पन्नास शब्द लिहिता येतात, एका बाजूला ‘येर’, ‘पानी’ आणि दुसऱ्या बाजूला ‘पाणी’. तिन्ही शब्द दिसले की मुलाला कळतं, आपल्या घरचं खोटं नव्हतं, इथे अजून एक शब्द मिळतो आहे.

आता थोडं आपल्या घरात

सरकारला आणि मराठीच्या कैवाऱ्यांना बोललो. आता आपल्या समाजालाही बोललं पाहिजे. ‘मुसलमान असून किती छान मराठी बोलता!’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलं आहे आणि ते आपल्याला टोचतं. टोचायलाच हवं. पण आपण आपल्या मुलांशी वेगळं काय करतो? दखनी घरातलं लेकरू उर्दू शाळेत ‘नक्को’ म्हणालं की, त्याला गावठी ठरवून हसणारे आपलेच असतात. तो ‘नक्को’ मराठीच्या ‘नको’तून आला, याचा आपल्याला अभिमान नाही. इंग्रजी शाळेत घातलं की दादी-नानीला ताकीद मिळते, मुलासमोर आपली बोली बोलू नका. मादरी जुबान म्हणजे आईची जुबान. पुस्तकातली उर्दू किंवा पुस्तकातली मराठी नव्हे. ज्या अपमानाचा आपण बाहेर हिशेब मागतो, तोच अपमान घरात वाटत बसायचा, हे कुठवर चालणार?

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद आहे. पण एवढी मोठी भाषा एका सहा वर्षांच्या पोराच्या ‘पानी’ने बाटत असेल, तर तो दर्जा काय कामाचा?

तेव्हा पुढच्या जूनमध्ये प्रवेशोत्सवाच्या फोटोंसोबत शाळांनी आणखी एक गोष्ट तपासावी. पहिल्या शनिवारी शिक्षकांनी स्वतःला विचारावं, माझ्या पहिलीच्या वर्गातलं प्रत्येक मूल या आठवड्यात निदान एकदा स्वतःहून माझ्याशी बोललं का? ज्याचं उत्तर ‘नाही’ येईल, त्या मुलाजवळ सोमवारी जाऊन बसावं आणि त्याच्या घरी पाण्याला काय म्हणतात, ते त्यालाच विचारावं. ते जे सांगेल, ते शिक्षकाने त्याच्या मागून म्हणावं. तीनदा.