लोकर आटते, मजुरी का आटावी?



लोकरीचा स्वेटर कढत पाण्यात घुसळला की आटून लहान मुलाच्या मापाचा होतो, हे आपल्याला माहीत आहे. हेच मुद्दाम केलं की फेल्ट तयार होतं. जाड सुयांवर किंवा क्रोशाने सैलसर विणलेली पिशवी गरम पाण्यात साबण लावून चोळत राहिलं, की लोकरीच्या तंतूंवरचे बारीक खवले एकमेकांत अडकतात, टाके दिसेनासे होतात आणि जाड, घट्ट कापड बनतं. त्यासाठी लोकर खरी लागते. ॲक्रिलिक कितीही चोळलं तरी फेल्ट होत नाही.

गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या चाळींतून विणकाम येणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. त्यांच्या गटांनी हे काम जरूर घ्यावं. पण आधी विचारावं, मजुरी कशावर मोजणार?

व्यापारी नग पाहतो तो आटल्यानंतर. बाईने विणलेली असते पंधरा इंची पिशवी, त्याच्या हातात पडते दहा-अकरा इंची. टाके दिसत नाहीत, म्हणून तास दिसत नाहीत. आणि चोळणं, पिळणं, आकार देऊन वाळवणं? ते तर ‘धुणं’! बाईच्या धुण्याचे कसले पैसे? पाणी तापवायचा गॅस तिचा, नळाच्या वेळेला भरून ठेवलेलं पाणी तिचं, भरून आलेले खांदेही तिचेच.

हा हिशेब जुनाच आहे. इथल्या गिरण्यांच्या वाइंडिंग-रीलिंग खात्यांत बायकांना कामाच्या मापावरच मजुरी मिळे. सूत तुटत राहिलं तर तोटा त्यांचा. १९८२च्या संपानंतर अनेक घरांत नगावरचं काम आलं.

१९४८च्या किमान वेतन कायद्यात घरी माल नेऊन तो तयार करणारीच नव्हे, तर धुणारीही ‘कामगार’ या व्याख्येत होती. घरी काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

म्हणून दर ठरवण्याआधी गटाने एक नमुना करून पाहावा. आटण्यापूर्वीचं माप लिहावं. माप घटलं तरी लोकरीचं वजन जवळजवळ तेवढंच राहतं, तेही लिहावं. विणण्याचे आणि चोळण्याचे तास वेगळे मांडावेत, इंधन त्यात धरावं. हा कागद समोर ठेवून सगळ्याजणींनी मिळून बोलणी करावीत.

लोकर आटू दे, मजुरी आटू द्यायची नाही!