सात जूनचा जबाब

5 जून 2003 च्या रात्री नाशिकजवळ एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाला. जबर जखमी झालेली एक बाई वाचली. 7 जूनला पोलिसांनी तिला आपल्या नोंदींतल्या गुन्हेगारांचे फोटो दाखवले, तिने त्यातले चौघे ओळखले. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनी तिचा जबाब नोंदवला.

त्या चौघांना कुणी हातही लावला नाही. आरोपी झाले दुसरेच सहाजण, भटक्या जमातीतले, मजुरी करून पोट भरणारे. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांना जन्मठेप दिली, तिघांची फाशी कायम ठेवली. 30 एप्रिल 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सगळ्यांनाच फाशी सुनावली. त्यातला एकजण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही नंतर सिद्ध झालं.

फाशीच्या प्रकरणांतल्या फेरविचार याचिका खुल्या न्यायालयात ऐकाव्यात, असा निकाल 2014 मध्ये आला, म्हणून हे सहाजण वाचले. त्याआधी अशा याचिकांचा निर्णय सहसा न्यायमूर्तींच्या दालनात, वकिलाला उभंही न करता होत असे. 5 मार्च 2019 रोजी न्या. सिक्री, न्या. नझीर आणि न्या. शहा यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. सोळा वर्षं गेली होती. आणि ज्या जबाबावरून सगळं प्रकरण फिरलं, तो काही नव्याने सापडलेला पुरावा नव्हता. गुन्ह्यानंतर दोन दिवसांत तो लिहून झाला होता!

अख्ख्या जमातींनाच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला. तरी दरोडा पडला की पहिली धाड भटक्यांच्या पालांवरच पडते, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. या सहाजणांवरचा संशय इतका घट्ट बसला तो त्यांच्या जमातीमुळेच, असं मला ठामपणे वाटतं. आणि ज्या घरातली पाच माणसं गेली त्यांनाही यात न्याय मिळाला नाही, ही गोष्ट तर आपण बोलतही नाही.

न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला लावले. महिन्याला साधारण 2,600 रुपये पडतात. तेही त्या पीठाने मनावर घेतलं म्हणून, कायद्याने हक्काचे असे नाहीत. विनाकारण अटक करवणाऱ्याकडून भरपाई मिळण्याची तरतूद आहे, तिची कमाल रक्कम एक हजार रुपये. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तेवढीच. चुकीच्या खटल्यांत भरपाईसाठी कायद्यात खास तरतूद हवी, असं विधी आयोगाने 2018 मध्ये आपल्या 277 व्या अहवालात सुचवलं होतं. ती तरतूद संसदेने करावी, आणि हाती आलेला जबाब बाजूला सारणाऱ्या तपास अधिकाऱ्याला त्यात जबाबदार धरावं.