अकराशे ओळींची बाजू

टर्मिनलमध्ये एखादा छोटा प्रोग्रॅम चालवा, त्यात चुकीचं काहीतरी टाइप करा आणि मागची कमांड परत आणायला वरचा बाण दाबा. कमांड येत नाही. एक टोपी, दोन चौकटी कंस आणि 'ए' हे अक्षर, असा कचरा स्क्रीनवर उमटतो. कारण बाणाची कळ म्हणजे टर्मिनलने पाठवलेले तीन बाइट, आणि त्यांचा अर्थ लावायला तिथे कुणी बसलेलं नाही. बाण, बॅकस्पेस, इतिहास, टॅब हे सगळं कुणीतरी लिहिलेलं असतं तेव्हाच चालतं.

बहुतेक ठिकाणी ते 'रीडलाइन'ने लिहिलेलं असतं. बॅश तीच वापरतं. २०१० साली साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन प्रोग्रॅमरने (रेडिसवाला, हो तोच) वैतागून प्रश्न विचारला की एक ओळ संपादित करायला रीडलाइनच्या तीस हजार ओळी कशाला? आणि 'लाइननॉइज' लिहिली. एक सी फाइल, एक हेडर, जेमतेम अकराशे ओळी. बीएसडी परवाना, म्हणजे उचला आणि आपल्या फोल्डरमध्ये टाका.

मीही उचलली. गावच्या वाचनालयासाठी एक टूल लिहीत होतो. तिथला लॅपटॉप जुना, दोन जीबी रॅमचा. ब्राउझर उघडला की चहा पिऊन यावं लागतं. म्हणून टर्मिनल. पुस्तकाचं नाव टाका, लेखक टाका, एंटर. ग्रंथपाल काका निवृत्त शिक्षक, इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर माझ्यापेक्षा जलद टाइप करतात. पहिल्याच दिवशी 'कि'ची 'की' करायला त्यांनी बॅकस्पेस दाबलं आणि वेलांटीच्या जागी काळ्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. काकांनी रजिस्टर उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "तुमच्या यंत्राला काना-मात्रा शिकवलेली नाही वाटतं."

शिकवलेली नव्हतीच. तेव्हाची लाइननॉइज एक बाइट म्हणजे एक अक्षर असं धरून चालायची. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं. 'मराठी' म्हणजे पाच चिन्हं, पंधरा बाइट. ओळ पुन्हा रंगवताना लायब्ररी टर्मिनलला सांगणार, कर्सर पंधरा घरं उजवीकडे ने. शब्द पाच घरांत संपलेला आणि कर्सर दहा घरं पुढे माळरानावर उभा. बॅकस्पेस एकच बाइट खाणार, उरलेले दोन प्रश्नचिन्ह होऊन बसणार. मजा म्हणजे लेखकाच्या स्वतःच्या इटालियनमधला आघातचिन्हवाला 'ए'सुद्धा दोन बाइटचा आहे, म्हणजे तोही मोडत होता.

इथे माझे मित्र दोन गटांत वाटले गेले, आणि माझं भांडण दोघांशीही आहे.

पहिला गट म्हणतो, "टर्मिनलमध्ये मराठी कोण लिहितं?" हे म्हणणारे सगळे माझ्यासारखेच, मराठी शाळेतून किंवा मराठी घरातून इंजिनिअरिंगला गेलेले. टर्मिनलमध्ये मराठी कोणी लिहीत नाही, कारण लिहिली की मोडते. मोडते म्हणून कोणी लिहीत नाही, आणि कोणी लिहीत नाही म्हणून कोणी दुरुस्त करत नाही. फूटपाथ नसलेल्या रस्त्यावर उभं राहून इथे कुणी चालतच नाही म्हणण्यासारखं आहे हे.

दुसरा गट शहाणा. "छोट्या लायब्ररीचं हे असंच. ती छोटी आहे कारण तिने तुला वगळलंय. मोठी वापर." यातलं पहिलं वाक्य खरं आहे, आणि ते मला टोचलं. त्या अकराशे ओळींच्या सुटसुटीतपणाची थोडी किंमत काकांच्या वेलांटीने भरली होती, हे नाकारता येत नाही. पण मोठी लायब्ररी सोडवते का? रीडलाइनला यूटीएफ-८ कळतं. मात्र अक्षर किती रुंद हे ती सिस्टिमच्या तक्त्याला विचारते, आणि त्या तक्त्याला जोडाक्षर ही गोष्टच ठाऊक नाही. 'क्षि' घ्या. क, हलन्त, ष, वेलांटी. चार चिन्हं, बारा बाइट, आपल्या डोळ्याला एक अक्षर. युनिकोडच्या मूळ नियमांतसुद्धा 'क्ष' २०२३ पर्यंत दोन तुकड्यांत फुटत होता. १५.१ आवृत्तीत नियम आला तेव्हा कुठे तो एकसंध झाला. मोठ्या संस्था आपलं अक्षर सांभाळतीलच, या भरवशावर बसायचं असेल तर बसा.

मी त्या अकराशे ओळी वाचायला बसलो. शुक्रवारी रात्री सुरुवात, शनिवारी दुपारी संपल्या. हीच माझी बाजू. तीस हजार ओळी मी वाचल्या नसत्या. तक्रार लिहिली असती आणि वाट पाहिली असती. इथे दुरुस्त करायच्या जागा तीनच होत्या: बॅकस्पेस, डावा-उजवा बाण, आणि कर्सरची घरं मोजणं. यूटीएफ-८ मध्ये चिन्हाच्या आतले बाइट दोन ठरावीक बिटांनी सुरू होतात, एक आणि शून्य. ते दिसत राहिले की मागे सरकत राहायचं. दहा ओळींचं काम.

खरी अडचण वेगळीच निघाली. मी बॅकस्पेसने पूर्ण अक्षर पुसायला लावलं, 'क्षि'ची अख्खी 'क्षि'. नियमाप्रमाणे चोख. काका भडकले. "वेलांटी चुकली तर वेलांटी पुसायची, अक्षर का पुसता?" बरोबर होतं त्यांचं. ऱ्हस्व-दीर्घाची चूक ही आपली रोजची चूक. म्हणून आता बॅकस्पेस एकच चिन्ह पुसतं आणि बाण अख्खं अक्षर ओलांडतो. हा फरक मला कुठल्याही डॉक्युमेंटेशनमधून सुचला नसता. तो कळायला मराठी लिहिणारा माणूस शेजारी लागतो आणि त्याच संध्याकाळी बदलता येईल एवढा छोटा कोड लागतो.

कुणी लगेच लेफ्ट-पॅड आठवून देईल. २०१६ साली अकरा ओळींचं पॅकेज लेखकाने काढून टाकलं आणि जगभरचे बिल्ड कोसळले. पण ते पॅकेज लोक दर वेळी नेटवरून ओढत होते, उघडून पाहत नव्हते. मी फाइल माझ्या फोल्डरमध्ये ठेवली आहे. लेखकाने उद्या ती काढून टाकली तरी वाचनालय चालू राहील. छोटं असण्याचा दोष नव्हता तो, न वाचता वापरण्याचा होता. आणि त्यात मीही मोडतो. आधी वाचली असती तर काकांना पहिल्या दिवशी रजिस्टर उघडावं लागलं नसतं. ऑफिसात तर मी रोज शेकडो पॅकेजेस न वाचता ओढतो, त्याचा पगार घेतो.

काकांचं रजिस्टर आता बंद आहे, पण अगदी कपाटात गेलेलं नाही. परवा 'दुसऱ्या' शोधलं तर निम्मीच पुस्तकं आली. 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो, एकदा नुक्तावाल्या 'ऱ'ने, एकदा साध्या 'र'ला अदृश्य जोडचिन्ह लावून. दिसायला सारखा, यंत्राला वेगळा. ही चूक लाइननॉइजची नाही, माझ्या शोधाची आहे. काकांनी उरलेली नावं तोवर पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत.